एकशे ऐंशी मिलिसेकंद

कॅलम म्हणाला, घ्यायचं तर दीडशे पौंडांचं घे,
स्वस्तातलं कॅप्चर कार्ड म्हणजे रोजचं रडगाणं.
त्याचं वय बावीस. तो आईकडे राहतो.
मी मान डोलावली, गोळ्यांच्या पिशव्यांवर लेबलं चिकटवत,
आणि जेवणाच्या सुट्टीत
सोळा पौंडांचं मागवलं.

नऊचंही होतं. पण फोटोत त्याचं टोक
जरा वाकडं दिसलं.
भेंडीचं शेपूट मोडून बघितल्याशिवाय न घेणाऱ्या घरातली मी,
एवढं तर कळतं.

आलं ते काडेपेटीएवढं.
खोक्यावर सोनेरी अक्षरांत फोर-के.
आतल्या घडीच्या कागदावर, मुंगीच्या पावलांनी:
फोर-के फक्त आत येईल,
बाहेर पडेल ते निम्मं,
तेही सेकंदाला तीसच चित्रं.
असू दे. माझ्या लॅपटॉपलाही जास्त झेपत नाही,
जिना चढून आल्यासारखा त्याचा पंखा
आत्ताच धापा टाकतोय.

ग्रिम्स्बीत डिसेंबरच्या रविवारी चारलाच अंधार.
मी टीव्हीमागे गुडघ्यांवर, दातांत टॉर्च.
सात पौंडांचा स्प्लिटर: एक शेपूट टीव्हीला,
एक कार्डाला, कार्ड लॅपटॉपला.
चित्र काळं.
तार बदलली. काळं.
भोक बदललं, निळं घेतलं. काळं.
शेजारच्या मिसेस ब्लँचर्डचा कुत्रा भुंकून दमला, तरी काळं.
साडेसहाला कळलं,
प्लेस्टेशनच्या सेटिंगमध्ये एक कुलूप असतं,
कुणी चित्र चोरू नये म्हणून.
घर माझं, चोरही मीच.
कुलूप काढलं
आणि लॅपटॉपवर उगवलं माझं तळं,
माझा गळ, पिवळ्या रेनकोटातली माझी बाई.

(हो, मासे पकडायचाच गेम.
खऱ्या मासळीच्या गावात राहून.
कॅलम यावर आठवडाभर हसला.)

मग आवाज.
मी ‘लागला!’ म्हणते, आणि मासा नंतर लागतो.
बघणाऱ्याला वाटावं, बाईला भविष्य दिसतं.
कार्ड चित्र आणतं रमतगमत,
माझं तोंड मात्र आधीच पोचलेलं.
शाळेतल्या जोगळेकर बाई हेच म्हणायच्या.
बटण दाबायचं, ‘हुप्प’ म्हणायचं, रेकॉर्डिंग बघायचं.
आवाजाला शंभर मिलिसेकंद थांबवलं: अजून मी पुढे.
दोनशे: आता मी मागे.
एकशे सत्तर. पुन्हा हुप्प.
रात्री अकराला, त्रेचाळीस वर्षांची मी,
एकटी, हुप्प.
एकशे ऐंशीवर
उडी आणि हुप्प एका जागी पडले,
उखळात मुसळ पडावं तसे.

पहिल्या रात्री प्रेक्षक एक:
उशीवर ठेवलेला माझाच फोन.
दुसऱ्या रात्रीही तोच.
तिसऱ्या रात्री आकडा झाला दोन
आणि मी घाईने इंग्रजीत शिरले,
मग परत मराठीत आले. माशांना काय.

वीसेक मिनिटं तो अनोळखी गप्प.
मग लिहिलं,
तुमच्या स्मोक अलार्मची बॅटरी संपत आलीय,
दर चाळीस सेकंदांनी पीप.

कुठे?
मी गळ धरून चाळीस मोजले.
पीप.

घरमालकाला मार्चमध्ये कळवलं होतं.
एप्रिलमध्येही. मग कधीतरी
ऐकू यायचंच थांबलं.
कॅलमच्या जुन्या हेडफोनच्या माइकला मात्र
सगळं ऐकू येत होतं.

जरा थांबा, मी लिहिलं.
खुर्ची ओढली, चढले.
चौकोनी बॅटरी ड्रॉवरमध्येच होती,
मार्चपासून होती.
पडद्यावर पिवळ्या रेनकोटातली बाई
गळ टाकून तशीच उभी.

उतरले. चाळीस मोजले. पुन्हा चाळीस.
आकडा बघितला: दोन.
त्याने लिहिलं होतं, मासा सुटला तुमचा.
आणि खाली,
कार्ड कुठलं घेतलंत?